हरकती व सूचना

सोलापुरात आयुक्त बदलले तर शहराला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळतं. चावीवाला बदलला तर त्याच रात्री कळतं. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, पुरुषभर लांबीची चावी आत सोडून गल्लीचं पाणी चालू-बंद करणारा गृहस्थ. त्याला केबिन नाही, शिपाई नाही, लाल दिवा तर कधीच नव्हता. पण लग्नाची पहिली पत्रिका सिद्धेश्वराच्या पायाशी आणि दुसरी चावीवाल्याच्या हातात, ही आमच्याकडची अलिखित रीत. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले तर पंचांग नंतर काढतात. "बुधवारी बोलवू या का?" "नको बे, बुधवारी पाण्याची पाळी हाय. घरातलं कुणीबी जागेवर नसतंय."

पाणी चार दिवसाआड येतं, कधी पाच दिवसाआड. त्यातही मधूनच महापालिकेचं निवेदन येतं, की तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलण्यात येत आहे, तरी नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे. उपवासाला बसलेल्या माणसाला जेवणात मीठ कमी घ्या म्हणून सांगावं, तसा हा सल्ला. पण सोलापूरकर चिडत नाही. तो 'तांत्रिक' हा शब्द वाचतो, मान हलवतो आणि गच्चीवरच्या बॅरलमध्ये हात घालून किती उरलंय ते चाचपतो. निवेदन खरं की खोटं, हे तो पालिकेला विचारत नाही. तो चावीवाल्याला फोन लावतो. चावीवाला म्हणतो, "बघू," आणि त्या एका शब्दावर चाळीस घरं झोपी जातात.

गंमत अशी, की पाणी नाही असं कुणी म्हणू शकत नाही. आमचं उजनी धरण भरतं तेव्हा शंभर टक्क्यांवर थांबतच नाही, 111 टक्क्यांपर्यंत जातं. शाळेत शंभरपैकी एकशे अकरा मार्क कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही, उजनीला मिळतात. ते पाणी शहरात आणायला आधीची एक जलवाहिनी आहेच. शिवाय नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचलायचं, हा दुसरा मार्ग. तेवढ्यानं भागेना म्हणून समांतर जलवाहिनी ठरली. आधी ती दिवसाला 110 दशलक्ष लिटरची होती, मग काम सुरू व्हायच्या गडबडीतच वाढून 170 दशलक्ष लिटरची झाली. कागदावर असताना वाढणारी वस्तू म्हणजे पोटातलं लेकरू किंवा पालिकेची योजना. पुढे पाइप आले. रस्त्याकडेला वर्षानुवर्षं निवांत पडलेल्या त्या पाइपांत कुत्र्यांच्या पिढ्या वाढल्या, पोरांनी लपाछपी खेळून घेतली. पाणी उजनीहून शहरापर्यंत येणं वेगळं आणि शहरातून आमच्या गल्लीतल्या तोटीपर्यंत येणं वेगळं, हे ज्ञान त्यानंतर झालं. पहिला प्रवास शंभरेक किलोमीटरचा आहे. दुसरा त्याहून लांबचा आहे.

अशा या शहराला विमानही मिळालं. त्यासाठी साखर कारखान्याची उंचच्या उंच चिमणी 15 जून 2023 ला पाडावी लागली. चिमणी राहावी की विमान यावं, यावरून शहरात असे दोन तट पडले होते, की सख्खे व्याही एकमेकांच्या घरचा चहा घेईनात. चिमणी काही सेकंदांत गेली. विमानतळाचं उद्घाटन 29 सप्टेंबर 2024 ला झालं आणि त्यानंतरचं पहिलं प्रवासी विमान 9 जून 2025 ला उडालं. मधले आठ महिने विमानतळ होता, फक्त विमान नव्हतं. ते दिवस फार सुखाचे गेले. गोंगाट नाही, गर्दी नाही, तिकिटाचा प्रश्नच नाही. आणि विमान आलं ते कुठं जाणारं? गोव्याला! ज्या गावात पाणी पाच दिवसाआड, त्या गावाला विमानसेवा थेट समुद्राची. याला नियोजन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

स्मार्ट सिटीचा विषय निघाला की आमची छाती अजून दोन इंच फुगते. जानेवारी 2016 मध्ये देशातल्या पहिल्या वीस शहरांची यादी जाहीर झाली, तीत सोलापूर नववं होतं. पुणं दुसरं आलं, पण त्याला आमची ना नाही; नोकरीसाठी निम्मं सोलापूर तिकडंच राहतं. खरी गंमत आमच्यानंतर आहे. त्या यादीत इंदूर अकरावं होतं. पुढं इंदूरनं झाडू हातात घेऊन काय केलं ते देशाला ठाऊक आहे, पण परीक्षेच्या निकालात आम्ही त्यांच्या दोन पायऱ्या वर होतो. हे कागदोपत्री आहे, कुणी पुसू शकत नाही. पुसायला पाणी लागतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर स्मार्ट सिटीत काहीच झालं नाही असं म्हणणारे लोक संध्याकाळी फिरायला त्यातूनच सजलेल्या होम मैदानावर जातात. सिद्धेश्वर तलावाचा काठ सजला, पार्क स्टेडियम उजळलं, वारदांच्या हौसेचं इंद्रभुवनही घासूनपुसून निघालं. इंद्रभुवन म्हणजे महापालिकेची इमारत. देखणी इतकी, की घरपट्टीची नोटीस घेऊन तावातावानं आत शिरलेला माणूस कोरीव काम बघत दोन मिनिटं नोटीस विसरतो. कररचनेचा तो भाग असावा.

या पालिकेला इतिहासही असा आहे, की इतर शहरांनी मान खाली घालावी. 6 एप्रिल 1930 ला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. पारतंत्र्यात असं धाडस करणारी देशातली ही पहिली नगरपालिका, असं इथं अभिमानानं सांगतात. त्या कामाची निविदा निघाली नव्हती, प्राकलन झालं नव्हतं, आणि हरकती व सूचनाही मागवल्या नव्हत्या. हरकत घेतली ती इंग्रजांनी. महिन्याभरानं मार्शल लॉ लागला, आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. चार हुतात्मा चौकात त्यांचे पुतळे आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत रोज जे काही ट्रॅफिक चालतं, त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही. काही गोष्टींची लाज विनोदी लेखकालाही वाटते.

दोन उड्डाणपुलांबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. एक जुना पुणे नाका ते पत्रकार भवन, दुसरा जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला. हे पूल आमच्या इतक्या सवयीचे झालेत, की ते बांधलेले नाहीत हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. दर काही महिन्यांनी बातमी येते, भूसंपादनाला गती. गती वर्षानुवर्षं आहे. भूसंपादनही वर्षानुवर्षं आहे. ज्यांची दुकानं त्या रेषेत येतात, त्यांनी शटरला रंग देणं केव्हाच सोडलं. "पाडणारच हाईत, कशाला खर्च?" म्हणून बापानं रंग दिला नाही, आता पोरगा देत नाही. एका टपरीवाल्यानं तर पुलाखालची जागा आपल्याला मिळावी म्हणून आतापासून दोन माणसांना सांगून ठेवलंय. अजून पुलाचा पत्ता नाही, पण खालची जागा हाऊसफुल्ल होत आलीय.

पुनर्विकासाची खरी बातमी पेपरात येत नाही, ती रस्त्यावर लिहिलेली असते. फक्त वाचता आली पाहिजे. रस्त्याच्या कडेनं चुन्याची पांढरी रेघ पडली की घरातली वयस्क माणसं दारात खुर्ची टाकून बसतात. रेघ ओट्याच्या अलीकडून गेली तर पालिका कार्यक्षम. पलीकडून गेली तर पालिका भ्रष्ट. लाल रंगात भिंतीवर एखादा आकडा आणि बाण निघाला की गल्ली तीन दिवस चर्चा करते. ड्रेनेजचा असेल, गॅसचा असेल, जनगणनेचा असेल. एकदा तर तो मांडववाल्याचा निघाला. खडी पडली म्हणजे निवडणूक जवळ. जेसीबी आला म्हणजे कालच डांबर पडलेलं असणार.

आणि फ्लेक्स. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढं जवळजवळ चार वर्षं शहरात फक्त दोन प्रकारचे लोकप्रतिनिधी उरले, माजी आणि भावी. वर्तमानकाळ प्रशासकांकडे होता. पण भूतकाळ आणि भविष्यकाळ मिळून एवढे फ्लेक्स लावत होते, की चौकातला सिग्नल कोणत्या रंगाचा आहे ते मागच्या माणसाचा हॉर्न ऐकून ठरवावं लागे. गल्लीतला दिवा बदलला तरी 'यांच्या अथक पाठपुराव्यास यश'. एका गतिरोधकाच्या श्रेयासाठी दोन फ्लेक्स समोरासमोर लागले होते. तो गतिरोधक एवढा उंच होता, की नंतर दोघांनीही फ्लेक्स काढून घेतले. अखेर 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ऐन रंगात असताना. उमेदवार तिळगूळ घेऊन दारात यायचे आणि गोड बोला म्हणायचे. आम्ही बोललो. लोकशाहीत तेवढं करावंच लागतं.

शहराचा मोठा तुकडा अजून 'हद्दवाढ भाग' म्हणून ओळखला जातो. ही हद्द वाढली 1992 साली. एका फटक्यात शेतं, माळ, ओढे शहरात आले आणि सोलापूर पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या पुढं गेलं. त्या साली जन्मलेल्या पोरांची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत जातात, पण पत्ता सांगताना आजोबा, बाप आणि नातू तिघंही 'हद्दवाढीत राहतो' असंच सांगतात, जणू कालच सामान उतरवलंय. इथं आधी माणसं राहायला आली, मग नगरांना नावं पडली, मग देऊळ, मग केबल, मग विजेचा खांब, आणि शेवटी रस्ता येणार येणार म्हणून सगळे वाट बघत बसले. शेतातला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा नोटरीवर घ्यायचा आणि घर बांधून टाकायचं. ते नियमित करायला सरकारनं 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा केला. घर बेकायदा असलं तरी घरपट्टी मात्र पहिल्या दिवसापासून कायदेशीर असते, हा नगररचनेतला सर्वांत स्थिर नियम आहे.

संधींच्या घोषणा येतात त्या रिक्षातून. रिक्षावर भोंगा, आणि त्यातून निघणारा आवाज आधी मराठीत, पूर्व भागात शिरला की तेलुगूत, पुढं कन्नड आणि हिंदीत. शास्तीमाफीची अभय योजना, फेरीवाल्यांना कर्ज, महिलांना शिवण प्रशिक्षण, बचत गटांना स्टॉल, दिव्यांगांना साहित्य. भोंगा जवळ येतो तेव्हा योजनेचं नाव ऐकू येतं, दारासमोर असतो तेव्हा घंटागाडीचं गाणं त्याच्यावर चढतं, आणि लांब जातो तेव्हा 'अंतिम तारीख' एवढे दोन शब्द हाती लागतात. एकेकाळी या गावाला गिरणीचा भोंगा जागवायचा. 1877 च्या जुन्या मिलपासून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजीपर्यंत प्रत्येकीचा आवाज बायकांना ओळखू यायचा, नवऱ्याचा डबा त्यावर भरला जायचा. त्या भोंग्यानंतर हमखास काम मिळायचं. या भोंग्यानंतर हमखास झेरॉक्स काढावी लागते.

अर्ज मोफत असतो. पण त्याला आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकची प्रत आणि दोन फोटो जोडायचे असतात, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. त्यामुळं कुठल्याही योजनेचा पहिला लाभार्थी झेरॉक्सवाला, दुसरा ई-सेवा केंद्रवाला. त्यांना दाखला लागत नाही. विडी कामगार बाईची तर आणखी एक अडचण. तेंदूच्या पानात तंबाखू भरून रोज हजारभर विड्या वळून वळून बोटांच्या रेघा झिजलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा. ती पुन्हा ठेवते. मशीन पुन्हा तेच. शेवटी ती बाई तेलुगूत मशीनला जे काही बोलते, ते मला कळतं. मशीनला कळलं असतं तर पहिल्यांदाच ओळख पटली असती.

याच बायकांची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही, कारण ती खरोखर घडली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई काम करणाऱ्या बाया, कचरा वेचणारे, अशांसाठी कुंभारीच्या माळावर 30,000 घरांची रे नगर वसाहत. मागं लागणारे होते तीन वेळा आमदार राहिलेले लाल बावट्याचे नरसय्या आडम मास्तर. त्यांच्याच खटपटीतून आधी 10,000 विडी कामगार बायांना गोदूताई परुळेकरांच्या नावानं घरकुलं मिळाली होती. 2006 मध्ये त्यांचा ताबा द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग आले. रे नगरचं भूमिपूजन 9 जानेवारी 2019 ला पंतप्रधान नरेंद्र मोदींनी केलं, आणि 19 जानेवारी 2024 ला त्यांनीच येऊन 15,000 घरांच्या किल्ल्या दिल्या. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं बोलताना व्यासपीठावर त्यांचा गळा दाटला. खाली बसलेल्या बायांचाही दाटला असेल, पण त्यांच्याकडे माइक नव्हता. एकाच मांडवात भाजपचे पंतप्रधान, कम्युनिस्ट मास्तर आणि हजारो विडी कामगार बाया, हे दृश्य देशात दुसरीकडं कुठं दिसलं असतं असं मला वाटत नाही. पाच वर्षं आणि दहा दिवस लागले. उड्डाणपुलांनी ही बातमी वाचली असेल तर काय वाटलं असेल त्यांना!

ही घरं काही भोंगा ऐकून अर्ज केल्यानं मिळाली नाहीत. या बायांनी हरकत घेतली ती उन्हात बसून, मोर्चानं, पिशवीत भाकरी नि शेंगाचटणी बांधून, वर्षानुवर्षं. त्यांच्या हरकतीला तीन प्रती लागल्या नाहीत. आम्हा पांढरपेशांची पद्धत वेगळी. आम्ही लेखी देतो.

नगररचनेचा कायदा 1966 चा. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांना 30 दिवसांत हरकती व सूचना द्यायच्या असतात. भिंतीवर नकाशा लागतो. पिवळा रंग म्हणजे राहायची जागा, हिरवा म्हणजे बाग-मैदान. नकाशासमोर उभ्या माणसाचं बोट पहिल्यांदा स्वतःच्या घरावर जातं आणि चेहरा उजळतो, मग ते शेजाऱ्याच्या घरावर जातं आणि चेहरा आणखी उजळतो. हे तीस दिवस शहरात नागरिकशास्त्राला ऊत येतो. एरवी घंटागाडीत ओला-सुका वेगळा करायला नकार देणारी माणसं पर्यावरणावर चार पानं लिहून आणतात.

आमच्या भागातले एक अण्णा. गिरणीत कारकुनी केलेली, त्यामुळं अक्षर मोत्यासारखं आणि विषय सोडायची सवय नाही. त्यांच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर बागेचं आरक्षण पडणार असं कळल्यावर त्यांनी रीतसर अर्ज दिला, आणि सुनावणीला इस्त्रीचा सदरा घालून गेले. सोबत आम्ही पाच-सहा जण, भरणा म्हणून.

साहेब सज्जन होते. म्हणाले, "अण्णा, बागेला तुमची हरकत?"

"बागेला कोण हरकत घेईल साहेब? बाग पायजेच. लेकरं कुठं खेळतेली?"

"मग?"

"बागेचं गेट आमच्या अंगाला दाखवलंय. गेट आलं की भेळवाला येतोय, भेळवाला आला की गर्दी, गर्दी आली की गाड्या आमच्या दारात."

"मग गेट उत्तरेला करू."

मागून उत्तरेचा माणूस उठला. त्यानंही लेखी आणलं होतं. साहेबांनी पूर्वेकडं बोट नेलं. पूर्वेला देऊळ आहे, देवळाच्या पंचांनी लेखी आणलं होतं. पश्चिमेला ओढा. ओढ्यानं लेखी काही आणलं नव्हतं, पण तो पावसाळ्यात प्रत्यक्ष येतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "म्हणजे बाग सगळ्यांना हवी, आणि गेट कुणालाच नको?"

"बरोबर," अण्णा म्हणाले. "आता तुम्हाला प्रश्न समजला."

"अहो अण्णा, पण तुमचं नेमकं म्हणणं काय लिहू मी? तुमच्या भागाचा विकास व्हावा की होऊ नये?"

अण्णा उभे राहिले. सदऱ्याची घडी नीट केली. "व्हावा की, मालक," ते म्हणाले, "पण पलीकडच्या अंगानं."